कतरीनबायचं उभं भात

सावरशेत, खडवलीजवळ
१७ सप्टेंबर २०२५

प्रिय रोझा,

पाकिटावर 'सौ. सरोज' असंच लिहिलंय, तुमच्या सोसायटीच्या वॉचमनचा गोंधळ नको. आत मात्र मी तुला रोझाच म्हणणार. हरिहररावांना नमस्कार, ऋजुताला आशीर्वाद. तिला नोकरी लागल्याचं मला फेसबुकवरून कळलं. मावशीला एक मेसेज टाकला असता तर बोटं झिजली नसती. इकडे आम्ही दोघी ठीक. आईचा उजवा गुडघा कुरकुरतो, डावा अजून ऐकतो. कान मात्र असे तिखट की मी स्वयंपाकघरात पुटपुटले तरी ओसरीवरून उत्तर येतं.

फोन न करता पत्र का, असं विचारशील. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य घालवलेल्या बाईला हे विचारू नये. माणसं फोनवर किती ऐकतात ते मला ठाऊक आहे. तू तर 'हो, हो, कुकर झाला वाटतं' म्हणून ठेवून देतेस. पत्रात मध्येच कुकर होत नाही.

तर ऐक, आगेऱ्याचं काय करायला निघालेत हे लोक.

आगेरा तुला आठवतो. आठवत नाही असं दाखवणार असशील तर मी आठवण करून देते. ऑक्टोबरचा पहिला रविवार. फादर शेतावर यायचे, बांधावर उभं राहून पिकाला आशीर्वाद द्यायचे, मग आपल्या घरची बाई पहिली पेंढी कापायची आणि ती डोक्यावर घेऊन सगळा गाव बँड लावून देवळात. त्या आशीर्वादाच्या लोंब्या घरोघर दारावर लागेपर्यंत नव्या तांदळाचा दाणा कुणी तोंडात टाकायचा नाही. लग्न होऊन आलेल्या पहिल्या वर्षी आजीनं आईच्या हातात विळा दिला. तेव्हापासून सावरशेतची पहिली पेंढी कतरीनबायच्या हातची.

आता आपण 'पॅरिश' झालोय. टिटवाळ्याच्या बाजूला ते उंच संकुल उभं राहिलं, त्यात मुंबईहून बरीच ख्रिस्ती कुटुंबं आली. माणसं वाईट नाहीत, पोरं तर फार सुरेल गातात. त्यांच्यासाठी नवं एसी चर्च बांधलं आणि आपलं जुनं देऊळ त्याच्या शेपटीला जोडलं. गेल्या रविवारी तिथले कमिटीचे सेक्रेटरी, ऑस्विन सर, घरी आले. पायात पांढरे बूट. अंगणात शेण होतं, म्हणून ओसरीपर्यंत उड्या मारत आले.

म्हणाले, "मावशी, यंदा हार्वेस्ट फेस्टिव्हल नव्या चर्चच्या पार्किंगमध्ये. मंडप, साउंड, सगळं आहे. शेतात चिखल असतो ना, सीनियर सिटिझन्सना त्रास. पेंढ्या कल्याणचा डेकोरेटर आणून देईल. आणि तुमचा सत्कार ठेवलाय. शाल, श्रीफळ. तुम्ही फक्त खुर्चीवर बसायचं."

फक्त खुर्चीवर बसायचं! हे वाक्य त्यांनी आपल्या आईला ऐकवलं, रोझा!

या बाईला बसायला कुणी शिकवलंय? पप्पा गेले तेव्हा मी तेरा वर्षांची, तू सात. तिसऱ्या दिवशी ही देवळाची घंटा वाजवायला हजर, कारण घंटा वाजवणारा पास्कोल तापाने पडला होता. फादर महिन्यातून एकदा कल्याणहून यायचे. बाकीचे रविवार देऊळ म्हणजे हीच. अक्षर ओळखत नाही, पण पोरांची प्रार्थना चुकली की मागून चिमटा. गावात नवी सून आली की आधी हिच्यासमोर उभं राहून जपमाळ म्हणून दाखवायची, मग घरात. त्या देवळाच्या पायाचे दगड नदीतून बायकांनी वाहिले, पुरुषांनी ते कुठे ठेवायचे ते सांगितलं आणि कोनशिलेवर पुरुषांची नावं लागली. तेव्हा आई तीस-एक वर्षांची असेल. तिला विचारलं, "तुझं नाव का नाही गं?" तर म्हणाली, "दगड मना वलखतात."

आणि पाच सालचा महापूर? भातसेचं पाणी देवळात कमरेएवढं. त्र्याहत्तर वर्षांची बाई पवित्र मरीयेचा पुतळा डोक्यावर घेऊन शाळेच्या गच्चीवर पोचली. कौतुक करायला आलेल्यांना म्हणाली, "बाय मानसाला पाण्यात उभी ठेवतात का?" अशा बाईला हे शाल पांघरून कोपऱ्यात ठेवणार, कल्याणहून आणलेल्या पेंढ्यांशेजारी.

मी तोंड उघडणार होते. माझं तोंड उघडलं की काय होतं ते तुला माहीत आहे. पण आईने हात वर केला आणि म्हणाली, "हिल्डा, सरांना चाय दे."

चहा पिऊन ते खूश होऊन गेले. गेट लागल्याबरोबर आई म्हणाली, "विळ्याला धार लावून आन."

धार लावून आणली. पण एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. आईची बोटं आता मिटत नाहीत. सकाळी कप दोन्ही तळव्यांत धरते. पेंढी कापायची म्हणजे एका मुठीत धाटं आणि दुसऱ्या मुठीत विळा. ती कशी कापणार, मला कळत नाही. विचारलं तर म्हणते, "त्या दिवशी मिटतील." डॉक्टर म्हणतात, मिटणार नाहीत. आणि तिला यंदाची पेंढी कापायचीच आहे, आपल्याच शेतात. चारी बाजूंनी बिल्डरचे पत्रे लागलेत. मधे आपली दोन खाचरं हिरवीगार उभी. यंदा पेंढी पार्किंगमध्ये गेली तर पुढच्या वर्षी कशाला कोण या शेतात पाय ठेवतो? हे ती बोलत नाही, पण मला कळतं.

मी तुला 'ये' म्हणत नाहीये. त्र्याण्णव साली लग्नानंतरच्या आगेऱ्याला तू हरिहररावांना घेऊन आलीस, दरवर्षीसारखी आईशेजारी वाकलीस, आणि आईने सगळ्या गावासमोर तुझ्या हातातून विळा काढून घेतला. ते मी पाहिलंय. तू त्यानंतर या गावात आली नाहीस, तेही बरोबर. तिने कधी तुझं नाव काढलं नाही. तुम्ही दोघी एकाच मातीच्या आहात. मी मधल्या मधे टपाल वाटणारी.

तब्येतीला जप. मधुमेहाची गोळी चुकवू नकोस.

तुझी,
हिल्डा


सावरशेत
६ ऑक्टोबर २०२५

प्रिय रोझा,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. पण कालची हकीकत सांगितल्याशिवाय मला जेवण जायचं नाही, म्हणून लिहिते. हरिहररावांनाही वाचून दाखव. त्यांना हसायला आवडतं.

सकाळी सातला आईने मला नव्या चर्चकडे पिटाळलं. "जा, काय मांडलंय बघून ये." मी गेले. मंडप खरोखर देखणा होता. केळीचे खांब, फुगे, बँडवाले लाल कोटात. स्टेजवर आईसाठी सोनेरी पायांची खुर्ची, लग्नात नवरीला देतात तशी. आणि वेदीसमोर पेंढ्या. मी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. गहू होता, रोझा! गव्हाच्या ओंब्या, वर सोनेरी रंग मारलेला!

ऑस्विन सर शेजारी उभे होते, कौतुकाने. मी म्हटलं, "सर, हे काय आहे?"

"पॅडी, मॅडम. सुंदर आहे ना? डेकोरेटरने स्पेशल पॉलिश करून दिलंय."

"सर, हा गहू आहे. आमच्या सात पिढ्यांनी इथे गहू पेरलेला नाही."

"चित्रात तर असंच असतं..."

चित्रात असतं, खरं आहे. कॉन्व्हेंटमध्ये माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकातही येशूच्या मागे गव्हाचं शेत होतं. पण कॉन्व्हेंटमधून मी सुट्टीत घरी यायचे आणि भाताचीच पेज प्यायचे, एवढी अक्कल मला आहे. मी काही बोलणार तेवढ्यात आपल्या शेजारच्या ठमाबाईचा गणू टेम्पो घेऊन आला. कमिटीने त्याला आईला आणायला पाठवलं होतं. टेम्पो रिकामा.

"आजी कुठे?" सरांनी विचारलं.

"येत नाय बोलली."

"म्हणजे?"

"शेतात बसलीय. बोलली, फादरला सांग, आगेरा हिकडं हाय."

फादर ग्लेन हा आपला नवा धर्मगुरू, वसईकडचा पोरगा, घरची भातशेती. एवढा वेळ तो गव्हाकडे बघत उभा होता. कमिटीने ठरवलं म्हणून बिचाऱ्याने मान हलवली असणार. नवीन पोरगा, कमिटी जुनी. आता त्याने माईक घेतला. म्हणाला, "आगेरा शेतात आहे. मी शेतात चाललोय. ज्यांना यायचंय त्यांनी चपला हातात घ्यायची तयारी ठेवा."

आधी एका छोट्या मुलीने बूट काढले. मग तिच्या आईने सँडल. मग बँडवाले. बस.

रोझा, तू हवी होतीस. रस्त्यापर्यंत गाड्या आल्या, पुढे बांध. त्या अरुंद बांधावरून सगळी पॅरिश एकामागे एक. फादरच्या पांढऱ्या झग्याला गुडघ्यापर्यंत चिखल. कोरल्या भुवयांच्या बायका साडीचा काठ दातात धरून. ढोलवाल्याचा ढोल दोघांच्या डोक्यावर. आणि ऑस्विन सर! त्यांचा एक बूट आपल्या खालच्या खाचराच्या तोंडाशी रुतला तो रुतलाच. ठमाबाईने दुसऱ्या बांधावरून ओरडून सांगितलं, "ऱ्हाऊं द्या, सर! पुढल्या साली उगवंल!" संकुलातली पोरं हसून हसून खाली बसली. सरही हसले शेवटी. माणूस वाईट नाही, मी म्हटलंच होतं.

आणि बांधावर आई. लाल चौकटीचं लुगडं, नाकात मोती, गळ्यात जपमाळ, मांडीवर विळा. गोणपाटावर बसलेली. इतकी माणसं येताना पाहून जागची हलली नाही. फादर पोचला तसा म्हणाली, "उशीर केलास. ऊन चढलं."

त्याने तिच्यासमोर गुडघा टेकला, चिखलात. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. मग उठून त्याने दोन्ही खाचरांवर पवित्र पाणी शिंपडलं. बिल्डरच्या पत्र्यांवरही थोडं उडालं, ते बरंच झालं. बँडने आपलं जुनं गाणं धरलं आणि आपल्या गावच्या उरल्यासुरल्या म्हाताऱ्या अशा गायल्या की संकुलातल्या सुरेल पोरांचे आवाज मागे पडले.

पेंढी कापली गेली. डोक्यावर घेऊन आपल्या जुन्या देवळात नेली, नव्या चर्चमध्ये नाही. आत पाय ठेवायला जागा नव्हती. मिस्साची प्रार्थना संपल्यावर फादरने जाहीर केलं की इथून पुढे आगेरा दरवर्षी सावरशेतच्या शेतात होईल, आणि हे शेत आहे तोवर दुसरीकडून एक लोंबीही येणार नाही. टाळ्या अशा वाजल्या की वळचणीतली कबुतरं उडाली. शाल देवळातच दिली. आईने ती घेतली, उलटून पाहिली आणि ठमाबाईच्या खांद्यावर टाकली. "हिला थंडी लागते."

काल सगळं गाव म्हणत होतं, कतरीनबाय जिंकली. जिंकलीच.

तुझी,
हिल्डा


सावरशेत
१३ ऑक्टोबर २०२५

प्रिय रोझा,

काल तू फोन केलास. त्यात पहिला प्रश्न हा: "पेंढी कुणी कापली?"

पत्र पुरं वाचलंस तर. आणि जे मी लिहिलं नाही तेवढंच नेमकं हेरलंस. मी म्हटलं, लिहून कळवते. तू म्हणालीस, "आता सांग." मी फोन ठेवला. एक्स्चेंजमध्ये उभा जन्म गेला, पण बोलणाऱ्या माणसावर फोन आपटायची ती माझी पहिलीच वेळ.

ठीक आहे. सांगते.

फादरचा आशीर्वाद झाल्यावर आई उठली. ठमाबाईने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या बाजूने. आई वाकली, धाटांना हात घातला, विळा उचलला आणि तो तिच्या बोटांतून निसटून चिखलात पडला. मी वाकून विळा उचलला, साडीला पुसला. मला वाटलं, आता हे माझ्यावर आलं. इतकी वर्षं मी तिच्याजवळ राहिले, तिचं दुखणं-खुपणं काढलं, डोंबिवलीचा फ्लॅट कुलूप लावून इथे येऊन राहिले. मी वाकले. धाटं धरली.

आईने माझ्या हातातून विळा काढून घेतला.

तुझ्या हातातून घेतला होता ना, अगदी तसाच. सगळ्यांसमोर. मी ते लिहिलं नाही. कारण उघड आहे.

आणि मग ती मोठ्याने म्हणाली, "रोझा कुठाय?"

लोकांना वाटलं, म्हातारीचं डोकं गेलं. मी हळूच म्हटलं, "आई, रोझा ठाण्याला असते."

"मना ठाऊक हाय कुठं ऱ्हाते ती. तिला बोलवा."

ऑस्विन सर पुढे आले. एका पायात बूट, एक पाय अनवाणी. अतिशय नम्रपणे म्हणाले, "मावशी, मला सांगितलंय लोकांनी... म्हणजे त्यांचं लग्न... त्या आता आपल्या चर्चमध्ये आहेत का? नाही, फक्त विचारतोय."

आईने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सर, तुम्ही ते सोनेरी गव्हाचं आणलंव, त्याचा बाप्तिस्मा झाला व्हता का?"

फादर ग्लेनने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

मग ठमाबाईने धाटं दोन्ही हातांनी धरली, आईने विळ्याची मूठ दोन्ही तळव्यांत दाबली, आणि ओढत, थांबत, पुन्हा ओढत, एवढीशी पेंढी कापली. माझ्या मनगटाएवढी. तीच वेदीवर गेली. त्या खाचरातल्या बाकीच्या उभ्या पिकाकडे हात करून ती गणूला म्हणाली, "याला कोन हात लावाचा नाय. हे रोझा कापंल."

तर आजची परिस्थिती अशी. वरचं खाचर उभं आहे. हळवं, लवकर येणारं भात, कधीचं पिकून गेलंय. लोंब्या वाकून धाटं पिवळी पडलीत, हात लागला तरी दाणे झडतात. पोपट येतात, चिमण्या येतात, आई बांधावर बसून काठी आपटते. ठमाबाई रोज येऊन भांडते. "कतरीन, देवाचं धान मातीत घालवतंस!" आई म्हणते, "माझं धान हाय, मी घालवीन." वर ढग दाटले की मी बाहेर बघत नाही.

मला राग आहे, रोझा. माझ्या हातात तिने विळा ठेवला नाही याचा राग आहे. रात्रंदिवस मी आहे, आणि नाव निघतं तुझं. मग मी नीट विचार केला. मला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये घातलं तेव्हा तू घरी राहिलीस. दहावीपर्यंत तू तिच्या बरोबरीने लावणी केलीस, कापणी केलीस. माझ्या हाताने त्या दिवशी पेंढी कापली गेली नसती, बोट कापलं गेलं असतं. तिला ते माहीत होतं. ती माझी लाज काढत नव्हती. पण एवढं कळूनही राग आहे तो आहे.

तिने तुझी माफी मागितलेली नाही. मागणार नाही. तिला ते जमत नाही, तिची बनावटच तशी नाही. तिने तुझ्यासाठी एक खाचर उभं ठेवलंय आणि ते झडतंय. याहून जास्त तिच्याकडून काही निघायचं नाही.

ये. या वेळी मी 'ये' म्हणतेय. दिवाळीचा फराळ करून ये किंवा न करता ये, पण भात असेतो ये.

हिल्डा


सावरशेत
२१ ऑक्टोबर २०२५

प्रिय रोझा,

सुखरूप पोचलात हे ऋजुताच्या मेसेजवरून कळलं. (बघ, बोटं झिजली नाहीत.) हरिहररावांच्या पाठीला काय लावलंत? ठमाबाई दहा वेळा विचारून गेली. तिला अजून हसू आवरत नाहीये. "जावई, भारा डोईवर घेतात, लेकरासारका कडेवर नाय!" असं ती ओरडली तेव्हा त्यांनी 'हो का, हो का' म्हणत तो डोक्यावर घेतला आणि सरळ बांधाखाली गेले. पुन्हा उठले, पुन्हा घेतला. आईने ते पाहिलं. जेवताना त्यांना सर्वांत मोठा बोंबील वाढला. तो त्यांनी खाऊनही टाकला, घरी मासा चालत नाही तरी. त्यांना माझा नमस्कार सांग. त्या माणसाला मी बत्तीस वर्षं नुसताच नमस्कार सांगत आले. आता मनापासून सांगते.

पण हे पत्र दुसऱ्याच कारणासाठी. रविवारी तू वाकून कापत होतीस, तुझी पाठ आमच्याकडे होती. मागे काय झालं ते तुला दिसलं नाही. कुणीतरी सांगायला हवं, आणि आई सांगणार नाही.

तू आलीस तेव्हाचं तुला माहीत आहे. ती म्हणाली, "उशीर केलास. अर्धं चिमण्यांनी खाल्लं." तू म्हणालीस, "मग उशिरा पेरायचं होतंस." मला वाटलं, झालं, आता दोघी पुन्हा तीस वर्षं बोलत नाहीत. पण तिने विळा पुढे केला, मूठ तुझ्याकडे, पातं स्वतःकडे. तू घेतलास, पदर खोचलास आणि उतरलीस.

पहिल्या दोन-तीन मुठी तुझ्या अडखळल्या. मग हात बसला. मग जो आवाज सुरू झाला ना, खर्र, खर्र, तो ऐकून आई ताठ झाली. फादर ग्लेन आला होता, सायकलवरून, कमिटीला न सांगता. तो आईच्या कानाशी म्हणाला, "आजी, एक विचारू? त्या वर्षी यांच्या हातातून विळा का घेतला होता?"

आई तुझ्याकडेच बघत होती. म्हणाली, "त्या साली भात कच्चं व्हतं."

फादरने माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. त्या साली भात चांगलं पिकलेलं होतं, तू मी दोघींनी पाहिलंय. असू दे. त्र्याण्णव वर्षांच्या बाईने एवढी एक थाप मारली तर देव कान बंद करून घेईल.

मी उभीच होते. पाणी द्यायचं, चहाचं बघायचं, भारे मोजायचे, तुला ठाऊक आहे माझं. गणू नव्या चर्चमधून ती सोनेरी पायांची खुर्ची घेऊन आला होता. कशी आणली, कुणाला विचारून आणली, मी विचारलं नाही. त्याने ती बांधावर ठेवली, एक पाय लगेच मातीत रुतला. आई त्या खुर्चीकडे बघत राहिली. मला वाटलं, आता गणूचं काही खरं नाही. पण ती उठली आणि खुर्चीत बसली. बसली, रोझा! काम चालू असताना. मग तिने अंग चोरलं, बाजूला सरकली, रिकाम्या जागेवर हात आपटला आणि मला म्हणाली, "बस."

"मी कुठे बसू, चहा ठेवायचाय..."

"बस बोलले ना. रोझा कापते. आपण दोघी बघू."

खुर्ची रुंद होती. नवरा-नवरीची असते तशी. मी बसले. तिचा खांदा माझ्या खांद्याला टेकला, हाडाला हाड. बसल्या बसल्या तिने गाणं धरलं, आगेऱ्याचं, आणि तू मान न वळवता खाचरातून दुसरी ओळ उचललीस. तेव्हा फादरने सायकलची घंटा वाजवली, ठमाबाईने हात जोडले आणि हरिहरराव पुन्हा पडले.

आई रडली असं मी लिहिणार नाही. ती रडली नाही. मी रडले असेन थोडी, धुळीचा दिवस होता.

अर्धं धान्य गेलं हे खरं. ठमाबाई रोज त्याचा हिशेब सांगते. उरलेलं झोडपून झालंय. तुझ्या वाट्याचं गणू शनिवारी टेम्पोने ठाण्याला आणून देईल. लोंब्या वेगळ्या बांधल्यात, त्या दारावर लावायच्या. दारावर तुमचं तोरण असेल तर तोरणाशेजारी. हे मी आईला विचारून लिहितेय. ती म्हणाली, "दोघं एका दारावर ऱ्हातात, लोंब्यांना काय व्हतंय?"

आत्ता हे लिहिताना ती ओसरीवरून म्हणाली, "काय खरडतंस?"

म्हटलं, "रोझाला पत्र."

ती उठली. काठी टेकत आत आली. माझ्या हातातून पेन काढून घेतलं. काढून घ्यायची सवय काही जात नाही. दोन्ही तळव्यांत पेन दाबून तिने कागदावर वाकून काहीतरी काढलं, इतक्या जोराने की कागद फाटला. लग्नाच्या आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत ती सहीच्या जागी जे काढत आली तेच. मग पेन परत दिलं आणि म्हणाली, "आता तुझं नाव घाल. माझ्या बाजूला घाल, खाली नको."

✝ हिल्डा